एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू : अपडेट करताना सांभाळायचं काय?

दिवाळीनंतर चार दिवस मी नाशिकला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला लिनक्स लागतं म्हणून तिच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू मीच टाकून दिलं होतं. संध्याकाळी चहा पीत तिच्या लॅपटॉपवर काहीतरी बघत बसलो होतो, उबुंटू चालू होतं, आणि फर्मवेअरचं अपडेट आल्याची सूचना दिसली. म्हटलं, आलोच आहे तर करून टाकू. मध्ये डिस्क एन्क्रिप्शनबद्दल एक इशारा आला. न वाचता पुढे गेलो. दहा मिनिटांत काम झालं, उबुंटू व्यवस्थित सुरू झालं, मी खूष.

रात्री नऊला तिने विंडोज उघडायला घेतलं तर समोर निळी स्क्रीन. बिटलॉकरची रिकव्हरी की टाका म्हणे. ४८ आकडे.

"दादा, हे काय केलंस? उद्या सकाळी सबमिशन आहे. रिपोर्ट सी ड्राइव्हवर आहे!"

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी हे असं होतंच का ते समजून घेऊ. कारण तिच्या लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. उबुंटूचं अपडेट नीट झालं होतं आणि विंडोजही नियमाप्रमाणेच वागत होतं. दोघांचं बरोबर होतं, अडकलो आम्ही.

फोनवर असं का होत नाही?

फोनचं अपडेट आपण कसं करतो? रात्री चार्जिंगला लावतो, 'इन्स्टॉल' दाबतो आणि झोपतो. सकाळी फोन तयार. यामागे चांगली सोय केलेली आहे. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन जागा असतात, ए आणि बी. तुम्ही ए वर रील्स बघत असता तेव्हा अपडेट गुपचूप बी वर चढत असतं. रीस्टार्ट केला की फोन बी वरून सुरू होतो. आणि बी सुरूच झाली नाही, तर तो परत ए वर येतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

ड्युअल बूट लॅपटॉपवरही दोन सिस्टीम असतात, पण त्या एकमेकींच्या कॉपी नाहीत. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं राहावीत तसं ते आहे. स्वयंपाकघर वेगळं, कपाटं वेगळी, पण दिंडी दरवाजा एकच. लॅपटॉपच्या भाषेत हा दरवाजा म्हणजे डिस्कवरचं छोटंसं ईएफआय पार्टिशन आणि बायोसमधली बूट ऑर्डर. घड्याळही एकच, सुरक्षेची टीपीएम चिपही एकच. आणि दोन्ही बिऱ्हाडांना वाटतं की अख्खा वाडा आपल्या एकट्याचाच आहे.

म्हणून ॲप्सच्या अपडेटची काळजी करू नका. विंडोजमधलं क्रोम आणि उबुंटूतलं क्रोम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकीकडे अपडेट केलं म्हणून दुसरीकडे होत नाही, आणि एकीकडे बिघडलं म्हणून दुसरीकडे बिघडतही नाही. भानगड होते ती फक्त सामायिक गोष्टींना हात लागला की.

अर्धवट राहिलेलं अपडेट

ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. विंडोजचं मोठं अपडेट एका रीस्टार्टमध्ये संपत नाही. थोडं काम चालू असताना होतं, थोडं रीस्टार्ट झाल्यावर, कधी आणखी एकदा रीस्टार्ट होऊन. आता ड्युअल बूटमध्ये मशीन रीस्टार्ट झालं की ग्रबचा मेनू येतो, साधारण दहा सेकंद थांबतो आणि काही निवडलं नाही तर पहिला पर्याय उघडतो. पहिला पर्याय उबुंटू. तुम्ही जेवायला गेलेले असता. परत येऊन बघता तर उबुंटूचं लॉगिन. वाटतं, झालं बहुतेक अपडेट.

झालेलं नसतं. विंडोज मधल्या पायरीवर तसंच थांबलेलं असतं. अशा वेळी उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही कॉपी-डिलीट करू नका. सरळ रीस्टार्ट करा, मेनूतून विंडोज निवडा आणि त्याचं उरलेलं काम पुरं होऊ द्या. बहुतेक वेळा काही नुकसान झालेलं नसतं.

कायमचा उपाय म्हणजे ग्रबला शेवटची निवड लक्षात ठेवायला लावणं. उबुंटूत 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'डिफॉल्ट' फोल्डर आहे, त्यात 'ग्रब' नावाची फाइल असते. त्यात 'ग्रब डिफॉल्ट'पुढे शून्य असतं, तिथे 'सेव्हड' लिहायचं. त्याच्या खाली 'ग्रब सेव्ह-डिफॉल्ट'ची नवी ओळ टाकून तिच्यापुढे 'ट्रू' लिहायचं. (दोन्ही नावं कॅपिटलमध्ये, ग्रबनंतर अंडरस्कोअर; 'सेव्ह' आणि 'डिफॉल्ट'मध्ये काही नाही.) मग टर्मिनलमध्ये सुडो लावून 'अपडेट-ग्रब' ही कमांड चालवायची. यानंतर तुम्ही शेवटी विंडोज निवडलं असेल, तर रीस्टार्ट विंडोजमध्येच होतो. मी कोणाकडेही ड्युअल बूट करून दिलं की हे पहिलं काम करतो, कारण नंतर फोन मलाच येतात.

याच्याच जोडीला फास्ट स्टार्टअप. विंडोजमध्ये 'शट डाउन' दाबलं की ते पूर्ण बंद होत नाही. सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. एकटं राहणाऱ्यासाठी छान सोय आहे. पण मग उबुंटूतून डी ड्राइव्ह उघडला की तो फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही, आणि आपण नेटवर 'ड्राइव्ह रीड ओन्ली झाला' म्हणून शोधत बसतो. जबरदस्तीने लिहिलंच तर फाइल खराब होऊ शकतात. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका. एसएसडी असेल तर फरक काही सेकंदांचाच पडतो. मोठ्या अपडेटनंतर ती टिक परत आली नाही ना, हे एकदा बघून घ्या.

उबुंटू उडालं? बहुतेक नाही

मोठ्या विंडोज अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो, ग्रबचा मेनू दिसतच नाही. पोरं घाबरून उबुंटू पुन्हा टाकायला घेतात आणि त्या नादात खरंच डेटा घालवतात. थांबा. विंडोजने बहुतेक वेळा फक्त दरवाजावरच्या पाटीवर आपलं नाव वर लिहिलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट (कंपनीनुसार बदलतं) दाबून बायोसमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' वर घ्या, सेव्ह करा. झालं.

उलटही होतं. ग्रबच्या अपडेटनंतर मेनूतून विंडोज गायब. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टीम शोधणारा 'ओएस-प्रोबर' सुरक्षेच्या कारणाने आपोआप चालत नाही. मघाच्याच फाइलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर'पुढे 'फॉल्स' लिहून परत 'अपडेट-ग्रब' चालवलं की विंडोज मेनूत हजर.

ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं होतं

वरच्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. ही नव्हती, आणि म्हणूनच ती माहीत असावी.

सिक्युअर बूट म्हणजे दरवाजावरचा वॉचमन. ज्याच्या हातात ओळखीची सही असलेला कागद आहे त्यालाच तो आत सोडतो. लिनक्सच्या वतीने हा कागद 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम दाखवतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. आता जुन्या ग्रबमध्ये एखादी फट सापडली तर काय करायचं? त्यासाठी 'एसबॅट' नावाची यादी मदरबोर्डच्या मेमरीत ठेवलेली असते : अमुक पिढीच्या खालचा शिम किंवा ग्रब आला तर आत सोडू नका.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सिक्युरिटी अपडेटने ही यादी बदलली. कारण योग्य होतं, ग्रबमधली २०२२ साली नोंदवलेली एक फट बंद करायची होती. मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की ड्युअल बूट असलेल्या मशीनवर हा बदल लागू होणार नाही. पण काही मशीनवर विंडोजला ड्युअल बूट ओळखताच आलं नाही. लिनक्स निवडलं की 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाचा मेसेज यायचा आणि मशीन बंद. उबुंटू, डेबियन, मिंट वापरणाऱ्यांच्या जगभरातून तक्रारी आल्या. जुन्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर वॉचमन त्यालाही अडवायचा, म्हणजे दुरुस्तीचा नेहमीचा रस्ताही बंद.

सुटका अशी होती : बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स सुरू करा, 'मोकयूटिल' नावाच्या टूलने ती एसबॅटची यादी काढून टाका, आणि सिक्युअर बूट परत चालू करा. मायक्रोसॉफ्टचा पक्का उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये आला. नऊ महिने.

मला यातून विंडोज वाईट आणि लिनक्स चांगलं असं काही म्हणायचं नाही. ज्यांनी या भीतीने विंडोजची सिक्युरिटी अपडेट कायमची बंद केली, त्यांनी स्वतःचंच नुकसान केलं. पण एका बिऱ्हाडाने कुलूप बदललं की दुसऱ्याची चावी चालेनाशी होऊ शकते, हे या प्रकरणात लख्ख दिसलं. म्हणून उबुंटू जुनं ठेवून फक्त विंडोज अपडेट करत राहणं धोक्याचं. शिम आणि ग्रब नवे असतील तर धोका कमी होतो. शून्य होत नाही.

ते ४८ आकडे

आता मामाच्या घरी परत येऊ.

बिटलॉकर डिस्क कुलूपबंद करतो आणि चावी टीपीएम चिपमध्ये ठेवतो. मशीन सुरू होताना चिप बघते की फर्मवेअर आणि सुरुवातीचे प्रोग्रॅम कालच्यासारखेच आहेत का. तसेच असतील तर चावी देते. मी उबुंटूतून फर्मवेअर बदललं होतं. चिपला वाटलं कोणीतरी मशीनशी खेळतंय, तिने चावी दिली नाही. आणि खरं सांगायचं तर कोणीतरी मशीनशी खेळतच होतं.

पण आम्ही बिटलॉकर कधी चालू केलाच नव्हता! उबुंटू टाकताना मी स्वतः बघितलं होतं, बंद होता. मग कळलं की उन्हाळ्यात विंडोज बिघडलं होतं, तेव्हा मामाने जवळच्या दुकानातून ते नव्याने टाकून आणलं होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. प्रश्न असा, की अकाउंट कोणाचं?

बहिणीच्या अकाउंटमध्ये की नव्हती. तिच्या दुसऱ्या ईमेलवरही नव्हती. साडेदहाला मामी म्हणाली, "दुकानात तर हे गेले होते ना? त्यांनीच त्यांचा ईमेल दिला असेल." मामा गेलेला साताऱ्याला लग्नाला, फोन उचलेना. पासवर्ड त्याला आठवणं शक्यच नव्हतं, पण ओटीपी त्याच्या नंबरवर येणार होता. साडेअकराला त्याने फोन उचलला, मागे बँड वाजत होता. तो ओटीपी ओरडून सांगतोय, आम्ही "पाच की नऊ?" विचारतोय. तिसऱ्या प्रयत्नात अकाउंट उघडलं. डिव्हाइसच्या यादीत लॅपटॉप, त्याच्या खाली की. मी एक एक आकडा वाचला, तिने टाइप केला. विंडोज उघडलं.

रिपोर्ट वाचला. त्या रात्री माझ्याशी ती फारसं बोलली नाही, ते ठीकच आहे.

तेव्हा आज, हे वाचून झाल्यावर, एक काम करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की कोणत्या अकाउंटमध्ये आहे ते शोधा आणि ती कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही, हे सांगायची गरज नसावी, पण मी लोकांना डेस्कटॉपवर 'की' नावाची फाइल ठेवताना पाहिलंय. फर्मवेअर अपडेट करायच्या आधी, बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलायच्या आधी, बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा; 'सस्पेंड' असा पर्याय असतो. होम आवृत्तीत तो पर्याय दिसला नाही तर निदान की हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि फर्मवेअर दोन्ही बाजूंनी करू नका. एकच बाजू ठरवा. मी विंडोजमधून करतो.

साडेपाच तासांचं घड्याळ

ही गंमत भारतात सगळ्यांना एकाच आकड्याने भेटते. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. कारण मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज ती स्थानिक वेळ समजून वाचतं.

याचा अपडेटशी संबंध काय? विंडोज तुमच्या 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. पण तुमचे सकाळचे अकरा म्हणजे त्याच्या लेखी पहाटेचे साडेपाच असतील, तर त्याला वाटू शकतं की तुम्ही झोपलेले आहात. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड एकदा चालवा, मग दोघंही स्थानिक वेळेवर येतात. उबुंटू ही कमांड चालवल्यावर थोडी कुरकुर करतं. करू द्या.

मी स्वतः काय करतो

विंडोजची मुख्य सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. मी त्या आठवड्यात हात लावत नाही. शनिवारी-रविवारी करतो, तोपर्यंत काही गडबड असेल तर जगभर बोंब झालेली असते. आधी विंडोज, पूर्ण, पुन्हा तपासून 'अप टू डेट' येईपर्यंत. मग रीस्टार्ट, ग्रबचा मेनू दिसतोय ना ते बघतो, आणि मग उबुंटू. दोन्हीकडे एकाच दिवशी बदल झाले आणि काही बिघडलं, तर कोणामुळे ते कळत नाही, म्हणून मध्ये एकदा थांबून बघायचं.

उबुंटू सिक्युरिटी अपडेट स्वतःच रोज टाकत असतं, तिथे आपलं काम कमी. नव्या कर्नलनंतर वायफाय किंवा ग्राफिक्स गेलं तर मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू'मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडा, ते ठेवलेलं असतं. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस आवृत्तीवर पहिल्याच दिवशी उडी मारू नका. उबुंटूसुद्धा जुन्या एलटीएसवाल्यांना पहिलं पॉइंट रिलीज निघाल्यावरच विचारतं.

परीक्षा किंवा सबमिशन असेल तर विंडोज अपडेट थांबवता येतं, एकावेळी जास्तीत जास्त पाच आठवडे. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर ते वायफाय 'मीटर्ड' करून ठेवा, नाहीतर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा सकाळीच संपतो. हे विशेषतः त्यांच्यासाठी, जे विंडोज दोन महिन्यांतून एकदा उघडतात : दोन महिन्यांचं तुंबलेलं सगळं ते त्याच दिवशी मागतं, आणि तो दिवस हमखास ऑनलाइन परीक्षेचा असतो. महिन्यातून एकदा चांगल्या वायफायवर विंडोज नुसतं उघडून ठेवा.

आणि एका पेनड्राइव्हवर नव्यातल्या नव्या उबुंटूची लाइव्ह कॉपी. वर्षाने जुनी झाली की बदला, ऑगस्ट २०२४ लक्षात आहे ना?

यापुढे नजर ठेवायची आणखी एक गोष्ट. सिक्युअर बूटची २०११ सालची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून मुदतीबाहेर जायला लागतात, त्यांच्या जागी २०२३ ची येतात. जुनी संपली म्हणून लॅपटॉप त्या दिवशी बंद पडणार नाही. अडचण पुढे नव्या सहीचे शिम आणि बूट प्रोग्रॅम आले की होऊ शकते. नवी सर्टिफिकेटं विंडोज अपडेटमधून येतात, आणि उबुंटूच्या फर्मवेअर अपडेटमधूनही येऊ शकतात. म्हणजे पुन्हा दिंडी दरवाजालाच हात लागणार. ते अपडेट दिसलं की आधी रिकव्हरी की समोर ठेवा.

बहिणीने तिची की वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीये. परवा तिचा मेसेज आला, फर्मवेअर अपडेटच्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि खाली एवढंच : "दादा, हे मी करते. तू येऊ नकोस."